मिडकॅप फंड: सव्वाअकरा वर्षं वापरून

माझ्या म्युच्युअल फंडाचं ३१ मार्च २०२० चं स्टेटमेंट मी फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवलंय. जानेवारी २०१४ पासून दर महिन्याच्या ७ तारखेला ५,००० रुपये, असे ७५ हप्ते. भरलेली रक्कम ३,७५,०००. त्या दिवशीची किंमत ३,०८,००० आणि वर काही रुपये. सव्वासहा वर्षं एकही हप्ता न चुकवता मुद्दलातच ६७ हजारांची खोट. हेच पैसे बँकेत आरडीला टाकले असते तर पावणेपाच लाखांच्या आसपास झाले असते. हा हिशेब मी त्याच रात्री कॅल्क्युलेटर घेऊन केला होता.

मिडकॅप फंडाबद्दल कुणी विचारलं की आधी मी हा कागद दाखवतो. मग दुसरा, मार्च २०२५ चा. १३५ हप्ते, भरलेले ६,७५,०००. मधे ऑगस्ट २०२४ मध्ये ७ लाख काढून घेतले, आणि तरीही उरलेल्या युनिटांची, म्हणजे फंडातल्या माझ्या हिश्श्यांची, किंमत १२ लाखांच्या वर. दोन्ही कागद एकाच फोलिओचे, म्हणजे फंडातल्या एकाच खात्याचे. माल चांगला आहे का, असं विचाराल तर माझं उत्तर आहे, हो, फार चांगला आहे. पण पहिला कागद हातात आल्यावरही तो माल न विकता ठेवता येईल अशी सोय तुमच्याकडे आहे का, हे आधी बघावं लागतं. मी लिहायला बसलोय ते त्यासाठीच.

फंडाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक तेवढंच उचलतात आणि बाकीचं वाचतच नाहीत, असं मी आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोनदा बघितलंय. शिवाय या जातीचे बरेच जुने फंड थोड्याफार फरकानं असेच चढले-पडले आहेत. मी जे सांगतोय ते कुठल्याही मिडकॅप फंडाला लागू पडेल.

माझं कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत मशिन शॉप आहे. फाउंड्रीतून बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कास्टिंगं येतात, पंपाच्या बॉडी, ट्रॅक्टरचे हाउसिंग, ब्रॅकेट. त्यांचं मिलिंग, बोअरिंग, ड्रिलिंग करून आम्ही माल पुढं पाठवतो. नऊ माणसं आहेत. वडील शिवाजी उद्यमनगरात लेथवर होते, तिथं मी शिकलो आणि २००४ ला स्वतःचं शेड घेतलं. शेअरबाजाराचं शिक्षण नाही. मोजमापाची सवय मात्र हाडात आहे, म्हणून प्रत्येक स्टेटमेंटचा आकडा वहीत लिहीत आलो.

मिडकॅप म्हणजे काय, ते आधी सांगतो. आमच्या भागात या शब्दानं बऱ्याच जणांची फसगत होते. मिडकॅप म्हणजे मध्यम कंपनी, म्हणजे आपल्यापेक्षा जरा मोठी, असं वाटतं. तसं नाही. सरकारच्या एमएसएमईच्या व्याख्येत मध्यम उद्योग म्हणजे २०२० च्या नियमानं २५० कोटींपर्यंत उलाढाल, आणि १ एप्रिल २०२५ पासून ५०० कोटींपर्यंत. शेअरबाजारातली मध्यम कंपनी ही वेगळीच चीज आहे. बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीनं ऑक्टोबर २०१७ मध्ये परिपत्रक काढून ठरवून दिलं की बाजारमूल्यानं पहिल्या १०० कंपन्या लार्जकॅप, १०१ ते २५० मिडकॅप, त्याच्या खालच्या सगळ्या स्मॉलकॅप. यादी अॅम्फी, म्हणजे फंड कंपन्यांची संघटना, दर सहा महिन्यांनी नव्यानं करते. मिडकॅप फंडाला निदान ६५ टक्के पैसे या दीडशे कंपन्यांत ठेवावेच लागतात. २०१७ च्या शेवटी लार्जकॅपची वेस तीस हजार कोटींच्या जरा खाली होती, २०२४ संपताना ती लाख कोटींवर गेली. म्हणजे आज मिडकॅप म्हटली जाणारी कंपनी तीसपस्तीस हजार कोटींपासून लाख कोटींपर्यंतची असते. आमच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल मिळून शेकड्यांनी कारखाने असतील, पण ही उंची आमच्यासाठी फार लांबची आहे. आम्ही ज्यांना माल देतो, त्यांच्यातल्या मोठ्यातल्या मोठ्या कंपन्या इथं बसतात.

या मधल्या पट्ट्यात मजा अशी आहे की कंपनीनं आपला धंदा सिद्ध केलेला असतो आणि वाढायला जागाही शिल्लक असते. आकुर्डीची बजाज फायनान्स एकेकाळी बजाजच्या दुचाकींना कर्ज देणारी कंपनी होती, २०१७ मध्ये ती निफ्टी ५० मध्ये, म्हणजे बाजारातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या यादीत, गेली. ट्रेंट, म्हणजे वेस्टसाइड आणि झुडिओवाली, आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स या दोन्ही मिडकॅपच्या यादीत होत्या. सप्टेंबर २०२४ मध्ये दोन्ही निफ्टी ५० मध्ये दाखल झाल्या. उलट्या दिशेनं खाली जाणाऱ्याही असतात, त्यांची नावं कुणी सांगत बसत नाही. फंडात पन्नास-साठ कंपन्या असतात, त्यातल्या चार-पाच मातीत गेल्या तरी दोन-तीन अशा वर जातात की सगळं भरून निघतं. कुठल्या दोन-तीन, ते आधी कळत नाही.

हे मला फुकट कळलेलं नाही. २०१० साली मी एका मध्यम कंपनीचे शेअर घेतले होते, थेट, दीड लाखाचे. नाव लिहीत नाही. आम्ही तिच्या वेंडरचे वेंडर होतो, आमचा माल तिच्या मशिनरीत जायचा. वाटायचं, कंपनी आपल्या डोळ्यांसमोर आहे, आपल्याइतकं कुणाला माहीत असणार? शेड्यूल वाढत होतं, दर महिन्याला जास्त पीस मागत होते. पण पेमेंट साठ दिवसांचं नव्वदवर गेलं. मग एकशेवीसवर. मी पर्चेसवाल्याला फोनवर शिव्या घालायचो आणि फोन ठेवल्यावर शेअर मात्र तसेच ठेवायचो. कंपनीकडं रोकड नाही, हे बाजाराच्या वर्षभर आधी माझ्या उधारीच्या वहीत लिहिलेलं होतं, आणि मी ते वेंडर म्हणून वाचत होतो, भागधारक म्हणून वाचलंच नाही. प्रमोटरनं, म्हणजे कंपनीच्या मालकानं, आपले शेअर गहाण टाकलेत हे पेपरात आलं तेव्हा भाव निम्म्यावर आला होता. शेवटी दीड लाखाचे एकोणीस हजार हातात आले. मध्यम कंपन्यांत पैसे ठेवायचेत तर एका कंपनीत नाही, हे तेव्हापासून पक्कं झालं.

यानंतर राजारामपुरीतल्या फंडवाल्या काकांशी ओळख झाली. ते म्युच्युअल फंडाचे वितरक, वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. ऑगस्ट २०१२ मध्ये शेडवर आले. मागच्या मोकळ्या जागेत लेथच्या बेडची, म्हणजे खालच्या पायाची, गंजलेली कास्टिंगं पडली होती, ती बघून म्हणाले, "हे भंगार विकत का नाही?"

मी म्हटलं, "काका, भंगार नाही ते. मुरत घातलंय."

बीडाचं मोठं कास्टिंग ओतल्यावर त्याच्या आत ताण राहतो. जाड भाग सावकाश थंड होतो, पातळ भाग लवकर. तसंच मशिनवर घेतलं तर आज अगदी सरळ बसतं आणि सहा महिन्यांनी तेच बेड वाकतं, दोनचार सूत नाही पण लेथला नको तेवढे मायक्रॉन नक्की. म्हणून जुने मिस्त्री वरचा थर काढून घ्यायचे आणि कास्टिंग उन्हापावसात वर्षभर टाकून द्यायचे. उन्हानं तापतं, पावसात निवतं, ताण सुटत जातो. मग शेवटचा कट. वडिलांनी केलेली दोन लेथ बेडं अजून उद्यमनगरात चालू आहेत. आता कुणी एवढं थांबत नाही, साडेपाचशे अंशांच्या भट्टीत टाकून ताण काढतात. मी त्या वेळी एका जुन्या गिऱ्हाइकासाठी चार बेडं पडू दिली होती.

काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मला वाटलं आता म्हणतील, बघा, गुंतवणूकही अशीच असते. ते तसं काही म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "ही चार बेडं वर्षभर पडून राहतात, त्याचे पैसे फाउंड्रीला तुम्ही कुठून दिलेत?"

"अॅडव्हान्स घेतलाय गिऱ्हाइकाकडून."

"म्हणजे तुमचे अडकलेले नाहीत, म्हणून पडू दिलीत. स्वतःचे असते तर?"

तर तीन महिन्यांत भट्टीत टाकली असती. मी खरं तेच सांगितलं.

मग त्यांनी वही मागितली आणि महिन्याचा पगार, शेडचं भाडं, बँकेचा हप्ता, लाइटबिल लिहून घेतलं. त्या वेळी सगळं मिळून दीड लाख. म्हणाले, "चार महिने कारखाना बंद पडला तर सहा लाख लागतील. ते आधी बँकेत ठेवा. मग माझ्याकडं या." मी त्याच दिवशी फॉर्म भरायला तयार होतो, चेकबुक टेबलावर होतं. त्यांनी फॉर्म दिला नाही. कमिशनवर पोट असलेला माणूस गिऱ्हाइकाला परत पाठवतो, हे मी पहिल्यांदाच बघत होतो. सहा लाख जमायला सोळा महिने लागले. त्यांनी सांगितल्याप्रमाणे एकच सहा लाखांची एफडी केली नाही, एकेक लाखाच्या सहा पावत्या केल्या, म्हणजे एक मोडली तरी बाकीच्या पाचांचं व्याज सुरू राहतं. जानेवारी २०१४ ला एसआयपी, म्हणजे फंडातला महिन्याचा ठरलेला हप्ता, सुरू झाली.

पुढची चार वर्षं बाजारानं लाड केले. २०१४ मध्ये मिडकॅप निर्देशांक, म्हणजे या कंपन्यांच्या भावांचा एकत्रित आकडा, पन्नास टक्क्यांहून जास्त चढला. नोटाबंदीनंतरचा महिना-दोन महिने सोडले तर फारसं काही झालं नाही, आणि २०१७ मध्ये परत सत्तेचाळीस टक्क्यांच्या आसपास. त्या वर्षी आमच्या भागात ज्याला त्याला मिडकॅप हा शब्द माहीत झाला होता. फाउंड्रीच्या गेटवर चहाच्या गाड्यावर एनएव्हीच्या, म्हणजे एका युनिटाच्या भावाच्या, गप्पा चालायच्या.

मग २०१८. त्या वर्षी निर्देशांक पंधरा टक्के पडला, २०१९ मध्ये आणखी चार. आकडे ऐकायला मोठे वाटत नाहीत. पण याच दोन वर्षांत निफ्टी ५० वरच होता, टीव्हीवर सेन्सेक्सचा उच्चांक सांगत होते आणि माझं स्टेटमेंट मात्र दर महिन्याला वाळत होतं. सगळेच पडत असतील तर माणूस सोसतो. शेजारच्याचं चढतंय आणि आपलंच पडतंय, हे दोन वर्षं बघणं कठीण जातं. चहाच्या गाड्यावरच्या आठ-दहा जणांपैकी बहुतेकांनी या दोन वर्षांत एसआयपी बंद केल्या. त्यांना मी दोष देत नाही, कारण त्याच दोन वर्षांत आमच्या हाताला काम नव्हतं.

या गोष्टीसाठीच मी इतकं लांबून आलोय. २०१९ मध्ये गाड्यांचा बाजार बसला. ट्रक, ट्रॅक्टर, दुचाकी, सगळ्यांची विक्री घसरली. शेड्यूल निम्म्यावर आलं, दोन पाळ्यांची एक झाली. ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला, शिरोलीजवळ हायवेवर पाणी चढलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. तयार माल शेडमध्ये, कच्चा माल ट्रकमध्ये, ट्रक पुलाच्या पलीकडं. आमची काही माणसं पुरात अडकली होती, त्यांना कामावर या म्हणून कसं सांगणार?

आता बघा, मिडकॅप फंडातल्या कंपन्या कोण? गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या, पंप, बेअरिंग, इंजिन करणाऱ्या, त्यांना कर्ज देणाऱ्या बँका आणि फायनान्स कंपन्या. म्हणजे आमचीच गिऱ्हाइकं, आणि गिऱ्हाइकांची गिऱ्हाइकं. त्यांचं शेड्यूल कमी झालं की त्यांचा शेअर पडतो आणि त्याच महिन्यात माझं मशिनही थांबतं. ज्या दिवशी मला पैशाची गरज सगळ्यात जास्त, त्या दिवशी फंडाची किंमत सगळ्यात कमी. हा योगायोग नव्हे, एकच कारण दोन्हीकडं काम करतं. नोकरदार माणसालाही हे थोडंफार लागू आहे. चाकणच्या कारखान्यात असाल किंवा हिंजवडीत आयटीत असाल तर तुमचा पगार आणि तुमचा मिडकॅप फंड एकाच दोरीला बांधलेले असू शकतात. सरकारी शाळेतल्या शिक्षकाची गोष्ट वेगळी, त्याला हा फंड माझ्यापेक्षा जास्त झेपेल.

२२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूला शटर ओढलं. २३ तारखेला निफ्टी एका दिवसात तेरा टक्के पडला. घरी बसलो होतो, टीव्हीवर एकीकडं रुग्णांचे आकडे, दुसरीकडं बाजाराचे. बायको म्हणाली, "ते फंडाचं काढून घेऊया का, निदान तीन लाख तरी येतील." तिचं चुकत नव्हतं. नऊ घरांचे पगार डोक्यावर होते आणि शटर कधी उघडणार हे कुणालाच माहीत नव्हतं.

काकांना फोन केला. पहिल्या रिंगला उचलला. त्यांनी बाजाराबद्दल एक शब्द काढला नाही. एवढंच विचारलं, "पावत्या किती आहेत?"

"सहा."

"मग एप्रिलच्या पगाराला दोन मोडा."

दोन पावत्या मोडल्या. एप्रिलचा पगार पूर्ण दिला. मे महिन्यात परवानगी काढून शटर उघडलं, निम्मी माणसं घेऊन. पावसाळ्यात ट्रॅक्टरवाल्यांची मागणी आधी परत आली, बाकीचं दिवाळीपर्यंत. एकूण तीन पावत्या गेल्या, तीन राहिल्या. फंडाला हात लावावा लागला नाही, आणि ७ तारखेचा हप्ताही चालू राहिला.

वहीत त्या हप्त्याची नोंद आहे. जानेवारी २०१८ मध्ये, सगळे खूश होते तेव्हा, ५,००० रुपयांना ८६ युनिट आले होते. एप्रिल २०२० मध्ये तेवढ्याच पैशांना १४१ आले. पहिली काही वर्षं मी स्टेटमेंटमधला किमतीचा रकाना आधी बघायचो. २०१९ पासून युनिटांचा बघायला लागलो. किंमत रोज कुणीतरी बदलतं, युनिट आपण भरल्याशिवाय वाढत नाहीत आणि आपण विकल्याशिवाय कमी होत नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये भरलेले ४,२०,००० आणि किंमत सहा लाखांच्या वर. म्हणजे नऊ महिन्यांत तोटा जाऊन नफा दिसायला लागला. २०२१ संपताना नऊ लाखांच्या पुढं. चढ इतक्या झटक्यात आला की मार्चमध्ये विकून "बाजार सावरला की परत घेऊ" म्हणणाऱ्यांपैकी माझ्या ओळखीतला एकही माणूस वेळेवर परत आला नाही.

पैसे काढतानाचा अनुभव पण सांगतो, कारण तिथपर्यंतचं कुणी लिहीत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये नवीन व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग मशिन, घेतलं, अठ्ठावीस लाखांचं. बँकेनं पंचवीस टक्के मार्जिन, म्हणजे आपल्या खिशातला वाटा, मागितलं, सात लाख. रिडेम्प्शनची, म्हणजे युनिट विकायची, विनंती टाकल्यावर पैसे दोन-तीन दिवसांत खात्यावर आले, कुणाच्या पाया पडावं लागलं नाही. कराचं मात्र समजून घ्या. आधी घेतलेली युनिट आधी विकली गेली असं धरतात, त्यामुळं माझी २०१४ पासूनची जुनी युनिट गेली आणि नफा मोठा निघाला. ३१ जानेवारी २०१८ च्या आधीच्या युनिटांना त्या दिवसाचा भाव खरेदीभाव म्हणून धरता येतो, त्याचा चांगला उपयोग झाला. नाहीतर कर आणखी वाढला असता. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर दर साडेबारा टक्के झालाय, वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा माफ. मला बेचाळीस हजारांच्या आसपास भरावे लागले. काकांचं म्हणणं, मशिन घ्यायचं आधीपासून ठरलेलं होतं तर थोडे मार्च २०२४ च्या आत आणि थोडे एप्रिलनंतर काढायला हवे होते, दोन वर्षांची माफी मिळाली असती. हे त्यांनी नंतर सांगितलं. आधी सांगायला हवं होतं, ही त्यांच्या सेवेबद्दलची माझी एकमेव तक्रार.

डायरेक्ट प्लॅन की वितरकामार्फतचा रेग्युलर, हे सगळे विचारतात. डायरेक्ट प्लॅन जानेवारी २०१३ पासून आहेत, त्यात वितरकाचं कमिशन नसतं, त्यामुळं खर्च कमी आणि लांब पल्ल्यात फरक चांगलाच पडतो. माझी मुलगी पुण्यात नोकरी करते, ती मोबाइलवरून निफ्टी मिडकॅप १५० च्या इंडेक्स फंडात डायरेक्ट भरते. त्यात मॅनेजरनं कंपन्या निवडायचा प्रश्नच नाही, यादीतल्या दीडशे आहेत तशा घ्यायच्या, खर्च अगदी कमी. ती म्हणते, "पप्पा, तुम्ही काकांना दरवर्षी उगाच पैसे देताय." तिचा हिशेब बरोबर आहे. तिच्यासाठी. मी २०१२ मध्ये परत पाठवल्याचे आणि मार्च २०२० मध्ये पहिल्या रिंगला फोन उचलल्याचे पैसे देतोय, आणि ते मला महाग वाटत नाहीत. तुमच्या वितरकानं यातलं काहीच केलेलं नसेल, नुसता दर दिवाळीला नवा फंड घेऊन येत असेल, तर डायरेक्टच घ्या.

फंडाच्या आकारावर मात्र लक्ष ठेवतो. चांगल्या मिडकॅप फंडांकडं गेल्या काही वर्षांत पैशाचा लोंढा आलाय आणि मध्यम कंपन्यांचे शेअर मोठ्या प्रमाणात पटकन विकता येत नाहीत. मार्च २०२४ पासून मिडकॅप आणि स्मॉलकॅप फंडांना जाहीर करावं लागतं की त्यांचा पाव किंवा निम्मा पोर्टफोलिओ, म्हणजे जवळचे शेअर, विकायचा झाला तर किती दिवस लागतील. माझ्या फंडाचा तो आकडा मी दर तिमाहीला वहीत लिहितो. अजून घाबरण्यासारखा झालेला नाही. सप्टेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्देशांक पाचवा हिस्सा खाली आला, तेव्हाही सुरळीत होतं. त्या पडझडीत मला झोप लागली, कारण तोपर्यंत पावत्या परत सहाच्या आठ केल्या होत्या. पगारही वाढलेत ना.

तारे द्यायचे तर पाचपैकी चार. एक कापला तो यासाठी की जाहिरातीत "दीर्घकाळ" म्हणतात तेव्हा पाच वर्षं असा समज होऊ देतात. माझ्या कागदावर सव्वासहा वर्षांनीही तोटा होता. दहा वर्षांच्या आत लागणारे पैसे, मुलीचं लग्न, घराचं डाउन पेमेंट, हे यात घालू नका. बँकेचं सीसी खातं, म्हणजे धंद्यासाठीचं कॅश क्रेडिट कर्ज, ओढून तर कधीच घालू नका. आमच्या एमआयडीसीत दोघांनी तसं केलंय आणि दोघांनी २०१९ मध्ये तोट्यात विकलं.

गेल्या वर्षी आमच्या व्हीएमसीवरचा ऑपरेटर, हुपरीचा पोरगा, सव्वीस वर्षांचा, जेवणाच्या सुट्टीत केबिनमध्ये आला. "मालक, मला बी ते मिडकॅपात टाकायचंय, महिन्याला दोन हजार. फॉर्म कुठं मिळतोय?" त्याला दोन्ही कागद दाखवले. पहिला कागद त्यानं बराच वेळ हातात धरला, बोट ठेवून दोन्ही आकडे वाचले. मग विचारलं, "ह्या टायमाला तुम्ही आमचा पगार दिलासा की. कुठनं दिला?"

मी ड्रॉवरमधून मोडलेल्या पावत्यांच्या झेरॉक्स काढल्या.

शनिवारी त्याला घेऊन बँकेत गेलो आणि दोन हजारांची आरडी उघडली. त्याच्या घराचा चार महिन्यांचा खर्च साठ हजार निघालाय. आत्तापर्यंत बावीस जमलेत. एसआयपीचा फॉर्म त्यानं हट्टानं सही करून ठेवलाय, तारखेची जागा कोरी आहे, तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.